थर्मल कॅमेऱ्याने ओझं उचलण्याचा ताण मोजता येतो का?

थप्पीमास्तर
मंडळी, काम असं आहे. २५ किलोच्या पिशव्या कन्व्हेयरवरून उचलून पॅलेटवर रचायच्या. मिनिटाला ४, सलग दोन तास. मग पाऊण तास हलकं काम, पुन्हा दोन तास. एका थरात ५ पिशव्या, असे ८ थर. कन्व्हेयरवर हाताची पकड जमिनीपासून ७५ सेमीवर असते, पहिल्या थराला १५ सेमीवर. मोबाइलला जोडायचा १६०×१२० पिक्सेलचा थर्मल कॅमेरा घ्यायचा, पाळी सुटताना गेटवर प्रत्येकाच्या पाठीचा फोटो काढायचा, आणि ज्याची पाठ लाल दिसेल त्याला दुसऱ्या दिवशी हलकं काम द्यायचं, असा बेत आहे. चालेल का? सेटिंग काय ठेवायचं आणि किती फरकाला ताण म्हणायचं?

अवरक्त
बेत उलटा पडेल. कारण आधी सांगतो, कॅमेऱ्याचं नंतर.

कॅमेरा ८ ते १४ मायक्रोमीटरचं अवरक्त प्रारण पकडतो. ३४ अंशांच्या त्वचेचं प्रारण ९.४ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त असतं, म्हणून हा पट्टा सोयीचा. पण हे सगळं प्रारण त्वचेच्या अगदी वरच्या पापुद्र्यातून येतं. स्नायू कॅमेऱ्याला दिसत नाही. दिसतं ते त्वचेखालचं रक्त किती वाहतंय आणि घाम किती उडतोय, एवढंच.

काम सुरू झालं की शरीर रक्त स्नायूंकडे वळवतं आणि त्वचेतल्या वाहिन्या आवळतात. म्हणून पहिली काही मिनिटं स्नायू तापत असताना त्वचा चक्क थंड होते. पुढे उष्णता बाहेर टाकायची वेळ आली की वाहिन्या सैल होतात, त्याच सुमारास घाम सुटतो, आणि घाम उडताना पुन्हा थंड करतो. पाळी सुटताना घामेजलेल्या पाठीचा फोटो काढलात तर दिसेल घामाच्या थराचं तापमान. सर्वांत जास्त राबलेला, भिजलेला माणूस निळा दिसणार आणि सुपरवायझर लाल. त्यालाच हलकं काम द्याल!

दुसरं, चरबी. स्नायूतली उष्णता चरबीतून वर झिरपायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. १ सेमी थराला पंधरा-सोळा मिनिटांच्या घरात, २ सेमीला तासाहून जास्त. सडपातळ आणि पोट सुटलेला अशा दोघांचे फोटो शेजारी ठेवून तुलना करण्यात काही अर्थ नाही. तुलना करायची तर त्या माणसाची त्याच्या स्वतःशीच.

कण्याकण्याने
वरच्याला जोड देतो, फिजिओच्या बाजूने. ओझं उचलताना खरी चिंता कमरेच्या शेवटच्या मणक्याखालच्या चकतीची. नायॉश या अमेरिकी कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने तिच्यावरच्या दाबाची ३४०० न्यूटन ही मर्यादा धरली आहे. प्रौढ माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. तिच्यावर कितीही दाब आला तरी त्वचेवर त्याचा पत्ता लागत नाही. म्हणजे ज्या इजेची भीती आहे तीच या कॅमेऱ्याला दिसत नाही. ज्यांची पाठ गार दिसली त्यांना ‘तू ठीक आहेस’ म्हणून परत थप्पीवर पाठवणं सर्वांत धोक्याचं.

शंकासूर
मग कॅमेरा घ्यायचाच कशाला?

अवरक्त
डाव्या-उजव्या बाजूंतला फरक बघायला, आणि कामाच्या जागेत बदल करण्याआधी व नंतर त्याच माणसाचा फरक बघायला. ही दोन कामं तो बरी करतो.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात अचूकता ±२ अंश किंवा २ टक्के लिहिलेली असते. पाठीवर शोधायचा फरक अर्ध्या अंशाचा. म्हणून ‘पाठ ३४.१ भरली’ या आकड्याला किंमत शून्य. पण एकाच फोटोतल्या दोन भागांमधला फरक घेतला की ही चूक बहुतांशी दोन्हीकडे सारखी असल्यामुळे वजा होते. तिथे कामाला येते ती संवेदनशीलता, म्हणजे किती बारीक फरक ओळखता येतो ते, आणि ती ०.०५ अंश किंवा त्याहून बारीक असली म्हणजे झालं.

लेन्स बघून घ्या. २५ अंशांच्या लेन्सचा ३२० पिक्सेलचा कॅमेरा दीड मीटरवरून साधारण ६६ सेमी रुंद चित्र घेतो, म्हणजे एक पिक्सेल २ मिमी. मोबाइलच्या कॅमेऱ्याची लेन्स ५७ अंशांची असेल तर त्याच अंतरावर चित्र १.६३ मीटर रुंद, १६० पिक्सेलमध्ये वाटलं तर एक पिक्सेल १ सेमी. पाठीसाठी ओढूनताणून चालेल, बोटांसाठी अजिबात नाही. आणि फाइल रेडिओमेट्रिक असली पाहिजे, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचं तापमान आत साठवलेलं. नुसता रंगीत स्क्रीनशॉट असेल तर पुढे काही मोजता येत नाही. फ्लिर कंपनीच्या रेडिओमेट्रिक जेपेगमधला कच्चा डेटा एक्सिफटूल या मोफत प्रोग्रामने बाहेर काढता येतो, त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

मोजपट्टी
कॅमेऱ्याच्या आधी कागद-पेन्सिल काढा. तुमचं काम नायॉशच्या १९९१ च्या सुधारित सूत्रात नेमकं बसतं. २३ किलोपासून सुरुवात करायची आणि गैरसोयींचे गुणक लावत खाली यायचं.

दोन घोट्यांच्या मध्यापासून हातापर्यंतचं आडवं अंतर सेमीत: २५ भागिले अंतर. पकडीची उंची: ७५ सेमीपासून जितका फरक, त्या प्रत्येक सेंटिमीटरला ०.००३ वजा. उभा प्रवास: ०.८२ अधिक ४.५ भागिले प्रवास. प्रवास २५ सेमीपेक्षा कमी असला तरी २५ च धरायचा. कंबर वळण्याचा कोन: प्रत्येक अंशाला ०.००३२ वजा. वारंवारिता तक्त्यातून: मिनिटाला ४ वेळा, दोन तासांपर्यंत ०.७२, हेच आठ तास असतं तर ०.४५. पिशवीला धड पकड नाही म्हणून ०.९०.

लांबच्या रांगेतली पहिल्या थराची पिशवी ठेवताना हात ५० सेमी पुढे आणि कंबर ६० अंश वळलेली धरतो. म्हणजे:
२३ × ०.५० × ०.८२ × ०.८९५ × ०.८०८ × ०.७२ × ०.९० = ४.४ किलो.
पिशवी २५ ची. निर्देशांक, म्हणजे २५ भागिले ४.४, आला ५.७. एकच्या वर गेला की धोका वाढू लागतो आणि तीनच्या वरचं काम बहुतेकांना झेपत नाही असं धरतात. हे कळायला कोणाचा शर्ट काढावा लागत नाही.

दोन तासांचा गुणक लावताना एक अट असते: काम केलं त्याच्या किमान ०.३ पट वेळ हलकं काम. १२० मिनिटांना ३६ मिनिटं. तुमची पाऊण तासाची सोय त्यात बसते. घाईच्या दिवसांत ती पाऊण तास कापली गेली की थेट ०.४५ लावा.

हुकवाला
हिशोब चोख, फक्त कोणी हा मार्केट यार्डातल्या हमालीला लावू नका. तिथे दोघं मिळून गोणी तिसऱ्याच्या पाठीवर देतात आणि तो चालत नेतो. हे सूत्र एका माणसाने दोन हातांनी उचलण्यासाठी आहे. वाहून नेणं, डोक्यावर किंवा पाठीवर घेणं, एका हाताने उचलणं, गुडघ्यावर बसून किंवा अडचणीच्या जागेत उचलणं त्यात येत नाही. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ पासून आहे, पण त्याचा भर नोंदणी, मजुरी आणि कल्याण यांवर. पाठीचं गणित त्यात शोधू नये. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या ३४ व्या कलमात इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नये असं होतं, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत एका प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची वरची हद्द आहे. ५० किलोची गोणी त्या हद्दीच्या आत बसते. वरच्या सूत्राची सुरुवातच २३ ला होते, हे शेजारी ठेवून बघा.

आणखी एक मेख. सूत्र १९ ते २६ अंश तापमान आणि ३५ ते ५० टक्के आर्द्रता धरून चालतं. एप्रिलमधलं पत्र्याचं गोदाम यात कुठून बसायचं! निर्देशांक ५.७ आला तर प्रत्यक्षात त्याहून वाईटच समजा.

थप्पीमास्तर
५.७ बघून धस्स झालं. पॅलेटखाली तीन रिकामी पॅलेट ठेवली तर?

मोजपट्टी
एक रिकामं पॅलेट साधारण १४.४ सेमी, तीनचे ४३. पहिला थर १५ वरून ५८ सेमीवर येतो. शिवाय माणसाला पॅलेटच्या भोवती फिरायला जागा दिली, म्हणजे वळण शून्य आणि अंतर ४० सेमी, तर निर्देशांक २.८.

पण थांबा. एक थर १२ सेमीचा धरला तर आठव्या थराला हात १४२ सेमीवर जातो आणि निर्देशांक ३.८ होतो. तळातलं दुखणं माथ्यावर नेल्यासारखं. खालची पॅलेट मधेच काढू म्हणाल तर वर हजार किलो माल आहे. दोनच ठेवली तर तळाला ३.१, माथ्याला ३.५.

आता गंमत बघा. खाली एकही पॅलेट न ठेवता नुसतं वळण आणि लांब हात करणं काढलं तरी ५.७ चे ३.७ होतात. म्हणजे मोठा फायदा फिरण्यात आहे, उंचीत त्याच्या निम्माही नाही. म्हणून स्प्रिंगचं फिरतं टेबल घ्या: वरचं ताट हाताने फिरतं, आणि माल चढेल तसं टेबल आपोआप खाली बसतं, त्यामुळे हात सतत ७५ च्या आसपास राहतो. वीज लागत नाही. स्प्रिंग तुमच्या भरलेल्या पॅलेटच्या वजनाला जुळणारी मागवा. कडक स्प्रिंग आली तर टेबल बसतच नाही, मऊ आली तर दोन थरांत तळाला टेकतं.

शंकासूर
+१. कॅमेऱ्याआधी टेबल.

कण्याकण्याने
टेबल आधी, हे मान्य. तरी टेबल आल्यावर फरक पडला का हे दाखवायला कॅमेरा उपयोगी आहे, म्हणून पद्धत लिहून ठेवतो. क्रीडावैद्यकात थर्मोग्राफी कशी करावी याची १५ मुद्द्यांची टिसेम नावाची यादी २०१७ साली निघाली. खालचं बरंचसं त्याच धर्तीचं.

वेळ: सकाळी, कामाला हात लावण्याआधी. आदल्या दिवशीच्या श्रमाने स्नायूंत काही धुमसत असेल तर ते रात्रीतून घाम आणि धावपळ विझल्यावर दिसण्याची शक्यता जास्त. शिवाय त्वचेचं तापमान दिवसभरात आपोआप वरखाली होतं, म्हणून रोज घड्याळाची तीच वेळ.

खोली: २२ ते २४ अंशांवर स्थिर. पंखा बंद, एसीचा झोत अंगावर नको, एका बाजूला उन्हाची खिडकी नको.

माणूस: शर्ट काढून १५ मिनिटं उभा किंवा स्टुलावर, पाठ कशालाही न टेकता. कमरपट्टा वापरत असेल तर तोही याच वेळी काढलेला; पट्ट्याचा ऊबदार ठसा बराच वेळ टिकतो आणि नेमका कमरेवरच असतो. चहा, विडी, तंबाखू, मिश्री दोन तास आधीपासून बंद. निकोटिनने हातापायांच्या वाहिन्या आवळतात. पाठीला तेल, बाम, पट्टी, गरम पाण्याची पिशवी आदल्या रात्रीपासून नाही. हे विचारायला विसरू नका. कंबर दुखते म्हणून बाम चोळून आलेल्याची पाठ रंगीबेरंगी दिसते आणि बघणारा त्यात भलतंच वाचतो.

भाग: खवाट्यांच्या मधला वरचा भाग, आणि कमरेला कण्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी साधारण ५ × ८ सेमीचा चौकोन. कण्याची खाच चौकोनात घेऊ नका, ती नेहमीच गरम दिसते. खांद्यावर गोणी घेणाऱ्यांच्या बाबतीत खांदा वगळा. दाबामुळे आधी रक्त अडतं, मग दाब निघाला की उसळून येतं. ती त्वचेची प्रतिक्रिया आहे, स्नायूची नाही.

अवरक्त
यात कॅमेऱ्याची बाजू जोडतो. चालू करून २० मिनिटं ठेवा. आतला शटर ‘टक्’ वाजतो ती त्याची स्वतःची दुरुस्ती. टक् वाजल्यावर लगेच फोटो. तिपाईवर, दीड मीटर, भिंग पाठीला काटकोनात. बरगड्यांच्या कडेला त्वचा तिरकी होते आणि ६० अंशांपुढे उत्सर्जकता (पृष्ठभाग किती चांगलं प्रारण सोडतो याचं ० ते १ मधलं माप) घसरते, म्हणून कडा थंड दिसतात. ते खरं मानू नका. उत्सर्जकता ०.९८. रंगपट्टी २६ ते ३६ अंशांवर कुलूपबंद. आपोआप बदलणारी पट्टी ठेवली तर रोजचा लाल वेगळा. प्रत्येक वेळी तीन फोटो, आणि चौकोनाचं सरासरी तापमान घ्यायचं, सर्वांत गरम पिक्सेल नाही.

परावर्तित तापमान, म्हणजे समोरच्या ज्या वस्तूंचं प्रारण त्वचेवरून परतून कॅमेऱ्यात येतं त्यांचं, बहुतेक जण कॅमेऱ्यात आधीच भरलेलं २० तसंच सोडतात. ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून परत पसरा, पुठ्ठ्यावर चिकटवा, माणसाच्या जागी धरा, कॅमेऱ्यात उत्सर्जकता १ आणि अंतर शून्य करून फॉइलचं सरासरी तापमान वाचा. तोच आकडा भरायचा.

हे गोदामात महागात का पडतं ते सांगतो. त्वचा ०.९८ म्हणजे २ टक्के प्रारण समोरच्या वस्तूंचं परत फेकते. समोर ३० अंशांच्या भिंतीऐवजी ६० अंशांचा तापलेला पत्रा असेल तर वाचन अर्ध्या ते पाऊण अंशाने चढतं. एका बाजूलाच पत्रा असेल तर डावा-उजवा फरक तिथेच तयार झाला, स्नायूंनी काही न करता. म्हणून गेटवर फोटो नको.

कॅमेरा वाहवत गेला का हे कळायला एक ठरलेली वस्तू फोटोत ठेवा. स्टीलच्या डब्यात ३४ अंशांचं पाणी, बाहेरून काळी इलेक्ट्रिकची टेप, आत थर्मामीटर, आणि पाणी ढवळत राहायचं. फोटोतला टेपचा आकडा आणि थर्मामीटर यांतलं अंतर रोज लिहा.

थप्पीमास्तर
आणि किती फरकाला फरक म्हणायचं?

अवरक्त
फुटबॉलपटूंसाठी वापरात असलेली एक उतरंड आहे. डाव्या-उजव्यात ०.४ पर्यंत ठीक, ०.५ ते ०.७ लक्ष ठेवा, ०.८ ते १.० सराव कमी करा, १.१ ते १.५ धोक्याची सूचना, १.६ च्या पुढे गंभीर. ती बहुतांशी पायांच्या अनुभवावर बेतलेली. थप्पी लावणाऱ्यांच्या पाठीवर जशीच्या तशी चढवू नका.

त्यापेक्षा प्रत्येकाची पाच सकाळची पायरेषा, म्हणजे तुलनेसाठीची सुरुवातीची मोजणी, घ्या. फरकांची सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) काढा. नंतरचा फरक त्या सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांपलीकडे गेला, आणि लागोपाठ दोन सकाळी गेला, तरच नोंद. एका सकाळचा उडालेला आकडा नुसता कुशीवर झोपल्याचाही असू शकतो.

कण्याकण्याने
आणि नोंद झाली की उपचार नाही, प्रश्न विचारायचे. कंबर कुठे धरते, काल कोणत्या बाजूला वळून रचत होता, डावखुरा आहे का. जोडीला बोर्गची ० ते १० ची मोजपट्टी: ० म्हणजे काहीच जोर नाही, १० म्हणजे अतिशय जास्त, जवळपास कमाल. दोन तासांच्या शेवटी फक्त कंबरेपुरता आकडा विचारा. फुकट आहे, आणि मला या बाबतीत कॅमेऱ्याहून त्याच्यावर जास्त भरवसा वाटतो. छातीला पट्टा बांधून हृदयगती घेतली तर अख्ख्या शरीरावरचा भारही कळतो.

शंकासूर
कपाळाचं तापमान घेऊन उन्हाचा त्रास तरी कळेल?

अवरक्त
नाही. घामेजलेलं कपाळ शरीराच्या आतल्या तापमानाशी मेळ खात नाही. उष्म्यासाठी गोदामातला डब्ल्यूबीजीटी (हवेची ऊब, ओल, वारा आणि तापलेल्या वस्तूंची धग एकत्र धरणारं माप) मोजा, काळा गोळा आणि ओला बल्ब असलेल्या यंत्राने.

हुकवाला
एक राहिलं. उघड्या पाठीचे फोटो आहेत. लेखी संमती मराठीत आणि हिंदीतही घ्या, चेहरा चौकटीबाहेर ठेवा, फाइलला नाव नको, क्रमांक द्या, आणि क्रमांकाची वही सुपरवायझरकडे नको. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवला तरी, फोटोवरून पाळी कापली जाते असा वास आला की दुसऱ्या दिवशी एकही जण खोलीत येणार नाही. बायका कामाला असतील तर बाईनेच फोटो काढायचा, मागून उघडा झगा द्यायचा. तेही नको असेल तर पोटऱ्या आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग घ्या. ब्लाउजचा, पट्ट्याचा वळ उमटलेला असेल तर ती जागा चौकोनातून वगळा.

थप्पीमास्तर
ठरलं. गेटचा बेत रद्द. आधी पाच सकाळी सहा जणांची पायरेषा, मग फिरतं टेबल, मग दोन आठवड्यांनी पुन्हा पाच सकाळी. ३२० चा कॅमेरा भाड्याने मिळतो का बघतो.

मोजपट्टी
भाड्याचा घेतलात तर दोन्ही वेळेला तोच नग मागा, अनुक्रमांक लिहून ठेवा. आणि पायरेषेच्या आठवड्यातच कोण पॅलेटच्या कोणत्या बाजूला उभा राहतो ते टिपून ठेवा. टेबल आल्यावर जागा बदलतात, आणि मग डाव्या-उजव्याचा फरक टेबलामुळे गेला की जागेमुळे, हे सांगता येत नाही.